खारा वारा, दमट हवा आणि कॅमेऱ्याची निगा

रत्नागिरीपासून श्रीवर्धन-मुरूडपर्यंतच्या किनारपट्टीवर निकाह-वलीम्याची फोटोग्राफी हे अनेक बांधवांच्या रोजीचे साधन आहे. सुताराला जसा रंधा, तसा त्यांना कॅमेरा. परंतु हे महागडे हत्यार पुष्कळदा कामावर नव्हे, तर घरातल्या बंद कपाटात खराब होते. म्हणून काही माहिती आम्ही येथे देत आहोत.

समुद्राच्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ पाणी ओढून घेते आणि स्क्रू, बॅटरीची टोके, फ्लॅशचा जोड गंजू लागतो. दुसरा शत्रू बुरशी. आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली आणि जागा कोंदट, अंधारी असली की लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला, तर तो डाग सफाईनेही जात नाही.

उपाय मात्र स्वस्त आहेत. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. घरी आल्यावर आधी ब्लोअरने कण उडवावेत; तसेच घासल्यास ओरखडे पडतात. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने फक्त बाहेरचा भाग पुसून लगेच कोरडा करावा. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा साठवू नये, चामडे ओल धरते. रबरी कडीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले, किंवा नारिंगी खडे हिरवे झाले, की ते ओलीने भरले असे समजावे. स्वयंपाकाच्या नसलेल्या भांड्यात, मोकळ्या हवेत, मंद आचेवर तापवल्यास ते पुन्हा उपयोगी पडतात. डब्यात आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांत राखावा. तांदळात कॅमेरा पुरू नये, पिठूळ धूळ आत जाते. काम नसेल तेव्हा बॅटरी काढून ठेवावी.

वातानुकूलित हॉलमधून दमट हवेत येताच थंड काचेवर बाष्प धरते. म्हणून बाहेर पडण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि अर्ध्या तासाने काढावा.

शेवटी एक गोष्ट. बुरशी लागलेली लेन्स विकायची वेळ आली, तर ऐब सांगूनच विकावी. ऐब झाकून माल खपवणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. आणि ज्याने निकाहाचे काम सोपवले, त्याचे क्षण ही आपल्याकडची अमानत आहे. ते दुसऱ्यांदा टिपता येत नाहीत.