भांडणाने ढेकूण वाढतात



आजचा विषय समजायला सोपा आहे, पण बोलायला अवघड आहे. घरात साप निघाला तर आपण गल्लीभर सांगतो. विंचू निघाला तरी सांगतो. पण घरात ढेकूण झाले तर शेजारणीलासुद्धा सांगत नाही. गुपचूप वाकळा उन्हात टाकतो आणि कुणी विचारलं तर म्हणतो, "काही नाही, सणाचं धुणं काढलंय."

बाहेर बोलता येत नाही, म्हणून घरातल्या घरात धुमसत राहतं. सासू म्हणते, "आमच्या घरात कधी ढेकूण नव्हता, तू आल्यापासनं झाले." सून म्हणते, "आत्या, तुमच्या त्या जुन्या खाटेतच असतील." नवरा म्हणतो, "मला तर काही चावत नाही, तुझ्याच मनाचे खेळ." रात्री झोप नाही, दिवसभर चिडचिड. पंधरा दिवसांत ढेकूण राहतो बाजूला आणि माहेर, वळण, मागची सगळी उणीदुणी बाहेर निघतात.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. या भांडणाच्या भरात आपण जे जे करतो, त्यानेच ढेकूण वाढतात. ढेकूण जगतो कसा, हे समजून घेतलं की तुम्हालाही ते पटेल.

एकाला चावतो, दुसऱ्याला नाही?

पहिलं भांडण इथूनच सुरू होतं. बायकोच्या हातावर गांधी उठतात, नवऱ्याचं अंग स्वच्छ. मग तिला वाटतं, हा माझं खरं मानत नाही. त्याला वाटतं, ही उगाच बाऊ करते.

खरी गोष्ट अशी की ढेकूण दोघांनाही चावतो. रक्त पिताना तो आपली लाळ कातडीत सोडतो, आणि त्या लाळेने प्रत्येकाच्या अंगावर सारखीच खूण उठत नाही. कुणाला तासाभरात गांधी येतात, कुणाला दोन-चार दिवसांनी, कुणाला अजिबात नाही. वय झालेल्यांच्या अंगावर तर पुष्कळदा खुणा कमी उठतात. म्हणून आत्याबाई "मला नाही बाई चावत" म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत. आणि सून रात्रभर खाजवत बसते तेव्हा तीही सोंग करत नाही. दोघीही खरं सांगताहेत. एवढं एक कळलं तरी निम्मा वाद मिटतो.

मग ढेकूण आहेत की नाहीत, हे अंगावर बघायचं नाही, अंथरुणात बघायचं. दिवसा बॅटरी घेऊन गादीची शिवण, वाकळेच्या कडा, खाटेचे सांधे, नवारीच्या घड्या, दिवाणाचा कप्पा, भिंतीचे पोपडे आणि उशाशी टांगलेल्या कॅलेंडरची मागची बाजू बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा. पांढरी, मिलिमीटरभर लांबीची अंडी चिकटलेली असतात. मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा आणि तपकिरी असतो. रक्त पिऊन फुगला की तांबडा दिसतो. पुरावा डोळ्यांसमोर आला की "तुझ्या मनाचे खेळ" हा विषय संपतो.

अस्वच्छ घरातच होतात का?

दुसरं भांडण लाजेचं. ढेकूण म्हणजे घाण, घाण म्हणजे घरातली बाई आळशी, असा सरळ हिशोब लावला जातो. हा हिशोब चूक आहे. ढेकणाला उष्टं-खरकटं लागत नाही, धूळ लागत नाही. त्याला फक्त रक्त लागतं. पसाऱ्यात त्याला लपायला जागा जास्त मिळते हे खरं, पण शिरताना तो घर झाडलंय की नाही हे बघत नाही. २०२३ साली फ्रान्समध्ये पॅरिस शहरात ढेकणांचा एवढा बोभाटा झाला की जगभर बातम्या आल्या. रेल्वे, सिनेमागृहं, हॉटेलं, सगळीकडे त्याचीच चर्चा. तिथल्या सगळ्या बायका काही आळशी नव्हत्या!

ढेकणाला पंख नसतात, त्याला उडीही मारता येत नाही. तो सामानातून येतो. आता आपल्या पलूस तालुक्यातली ये-जा बघा. किर्लोस्करवाडी स्टेशनावर रेल्वे थांबते. आपल्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी पार तमिळनाडू, केरळपर्यंत गेलेली आहेत, ती यात्रेला, लग्नाला बॅगा घेऊन गावी येतात. औदुंबरला लांबून भाविक येतात. हंगामात ऊसतोडीची आणि द्राक्षाच्या कामाची माणसं येतात. पोरं वसतिगृहात राहतात, सुट्टीला गादी गुंडाळून घरी आणतात. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णामाईला महापूर आला, तेव्हा भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ भागातली माणसं अंथरूण-पांघरूण उचलून शाळांत आणि पाहुण्यांकडे राहिली. जुनी खाट बाजारातून घेतली, कुणी वापरलेला सोफा दिला, लग्नाच्या गाद्या भाड्याने आणल्या, अशा कशातूनही ढेकूण येऊ शकतो.

म्हणून "कुणी आणले?" या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर सापडतच नाही. आणि ते कामकरी माणसांच्या खोपटांवर ढकलून मोकळं व्हायचंही कारण नाही. ढेकूण ज्या वाटेने खोपटात गेला, त्याच वाटेने बंगल्यातही जातो.

आणखी एक भीती मनातून काढून टाका. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला एखादा रोग लागतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. त्रास होतो तो खाजेचा, खाजवून होणाऱ्या जखमांचा आणि जागरणाचा. त्या घरच्या पोराला शाळेत लांब बसवायचं किंवा त्या घरचं पाणी प्यायचं नाही, याला काहीही आधार नाही.

राग येऊन आपण काय करतो?

आता मुद्द्यावर येऊ. भांडण झालं की नवरा उशी उचलून सोप्यात झोपायला जातो, बायको पोरांजवळ माजघरात. दोन दिवस बरं वाटतं. पण ढेकूण माणसाच्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो. त्या खोलीत रक्त मिळेनासं झालं की तो शेजारच्या खोलीत सरकतो. काही तर उशीबरोबर आधीच गेलेले असतात. एका खोलीतले ढेकूण तीन खोल्यांत झाले, ते असे.

सून रागाने पिशवी भरून माहेरी गेली, तर त्या पिशवीतून ते माहेरीही जातात. मग तिथली वहिनी बोलते, तो आणखी एक घोर.

कुणी म्हणतं, ती खोली कुलूप लावून ठेवा, उपाशी मरतील. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो. कुणी शरमेने गादी रात्री उकिरड्यावर नेऊन टाकतं आणि ती दुसरं कुणीतरी गरजू उचलून नेतं.

म्हणजे वेगळं झोपणं, निघून जाणं, लपवणं, यातून ढेकूण पसरतच जातो. म्हणून नवरा-बायकोने आपल्याच जागी झोपावं, पण ती जागा राखावी. खाट आधी गरम पाण्याने आणि घासून साफ करा. मग भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा. चारी पाय पसरट वाट्यांत ठेवा आणि वाट्यांत साबणाचं पाणी घाला. पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका. एवढं केलं की पहिल्या काही रातींतच झोप सुधारते. झोप झाली की बोलणंही सुधारतं.

घरची बैठक आणि कामाची वाटणी

हा विषय रात्री दोन वाजता, दिवा लावून, खाजवत काढू नका. दिवसा, चहाच्या वेळी, सगळे असताना काढा. सुरुवात अशी करा, "कुणी आणले ते जाऊ दे. लपलेत कुठं, ते बघूया. मला एकटीला हे निभणार नाही."

हे शेवटचं वाक्य गिळू नका. घरभरच्या वाकळा भिजवणं, पिळणं, वाळवणं हे एका बाईचं काम नाही. खाट उचलणं, तिचे नटबोल्ट खोलणं, चुलीवरचं गरम पाणी वाहून आणणं ही पुरुषांची कामं. बॅटरी धरून फटी शोधण्यात पोरं पटाईत असतात. जुन्या खाटेचे आणि वाकळांचे सांधे सासूबाईंना जास्त ठाऊक, त्यांना मानाने विचारा. ज्यांना विचारलं, ते बोट दाखवत नाहीत, हात लावतात.

काम असं करा. अंथरूण-पांघरूण आणि कपडे खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधून बाहेर न्या, म्हणजे वाटेत सांडणार नाहीत. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. सुमारे ५० अंश सेल्सियसची ऊब आतपर्यंत पोचली की ढेकूणही मरतो आणि अंडीही. खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, पण पोरांना लांब ठेवून. उन्हाळ्यात पातळ कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्यावर दिवसभर तापवता येतात. जाड गादीच्या पोटात मात्र एवढी ऊब पोचत नाही, म्हणून एक दिवस ऊन दिलं की झालं, असं समजू नका. शिवणी कडक ब्रशने घासा. भिंतीच्या फटी आणि पोपडे लिंपून घ्या.

एवढं करून दहा दिवसांनी पुन्हा दिसले, तर कुणी काम चुकवलं म्हणून भांडू नका. मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते आणि ती साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून दहा-दहा दिवसांनी निदान तीन वेळा हेच सगळं करायचं असतं. तारखा कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि पुढे दोन महिने शिवणी तपासत राहा.

बागेचं औषध घरात नको

मैत्रिणींनो, आता सगळ्यात महत्त्वाचं. आपला भाग द्राक्षाचा. घरोघर फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या आहेत. रोजच्या कटकटीला वैतागून एखादा म्हणतो, "थांब, एकदाच काय ते संपवतो," आणि बागेचं औषध गादीवर मारतो. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. बागेत ते उघड्या हवेत मारतात. बंद खोलीत, ज्या गादीवर तान्हं लेकरू झोपतं तिथं ते मारलं, तर जीव जाऊ शकतो. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर झोपायच्या खोलीत कधीच ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या वायूवर उतारा नाही. पूर्वी ढेकणांवर सर्रास वापरायचे त्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. खाटेला रॉकेल लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि इतकं करूनही ढेकूण मरतीलच असं नाही. थोरल्या बायकांना डीडीटीची फवारणी आठवत असेल. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि घरोघर भिंतींवर डीडीटी मारू लागले. पण हवाई बेटांवर १९४७ सालीच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. पुढे इतर विषांनाही ते सरावले.

फवारणी करायचीच तर परवाना असलेल्या माणसाकडून करा. कुठलं औषध, किती तास बाहेर राहायचं, भांडी आणि धान्य कुठं ठेवायचं, दुसऱ्यांदा कधी येणार, हे आधी विचारा. विषबाधा झाली, म्हणजे मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, धाप, तर त्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा. अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या.

गटात बोला

चाळीत किंवा भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत एकट्या घराने साफ करून भागत नाही. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाला की हा विषय काढा. "आमच्याकडे झालेत," असं एकीने म्हटलं की आणखी दोघी-तिघी बोलतात, हे बघाच. मग सगळ्या ओळीने एकच दिवस ठरवा. मोठं पातेलं, सरपण, ब्रश गटाचे. पाहुणे येणार असतील तर त्यांना आधी सांगा, बॅग खाटेवर न ठेवता उंच टांगायला सांगा. सांगितल्याने नातं तुटत नाही, नंतर कळलं तर मात्र मन दुखावतं.

शेवटी एक. ढेकूण हे नुसतं निमित्त असेल आणि कुणी तुमच्यावर हात उचलत असेल, तर तो ढेकणांचा प्रश्न नाही. १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन करा. जागरणाने आणि काळजीने मन थकलं असेल, ढेकूण गेल्यावरही अंगावर काहीतरी फिरल्यासारखं वाटून झोप येत नसेल, तर १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर बोला. मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

तर मैत्रिणींनो, उद्या ऊन वर आलं की बॅटरी घ्या, घरातल्या एकाला सोबत घ्या आणि गादीची पहिली शिवण उलटून बघा. नमस्कार.