कंपनी नंतर काढा, आधी पाण्याची माणसं जोडा!

शहापूर-मुरबाडकडची तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आम्ही दहा-बारा जण मिळून मत्स्यपालनाचं केंद्र काढतोय. बीज, खाद्य, ट्रेनिंग, नवं तंत्र, सगळं एकाच ठिकाणी. रजिस्ट्रेशन कसं करायचं?"

रजिस्ट्रेशन सोपं आहे हो! उत्पादक कंपनीला किमान १० उत्पादक सभासद आणि ५ संचालक लागतात. कागदपत्रं सीए करून देतो. अवघड काम त्याआधीचं आहे. ज्यांचं पोट, पाणी किंवा अधिकार त्या तळ्यात गुंतलाय, त्यांना सोबत घेणं. स्टेकहोल्डर म्हणजे हीच माणसं.

पाणी दिसतं, पण कोणाचं?

तानसा आणि मोडकसागर मुंबई महापालिकेचे. भातसा जलसंपदा विभागाचं. मुरबाडच्या बाजूचं बारवी एमआयडीसीचं. तानसाभोवती अभयारण्य, म्हणजे वनविभागही आला. आणि याच शहापुरात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकर येतो. तिथे जाऊन तुम्ही "तळ्यात मासे सोडतो" म्हणालात, तर डोक्यावर हंडा घेतलेली बाई काय विचारेल? "आम्हाला प्यायला नाही, माशांना कुठून आणणार?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसेल, तर तो रिपोर्ट अपुरा आहे.

आणखी एक. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि लहान जलसाठ्यांच्या नियोजनात गावाचा शब्द चालतो. त्यामुळे ग्रामसभा टाळून पुढे जाता येत नाही.

डिंभ्याने काय केलं?

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि आदिवासी कुटुंबांची जमीन पाण्याखाली गेली. पुढे 'शाश्वत' संस्थेच्या मदतीने त्याच लोकांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने तंत्र दिलं: जलाशयातच पिंजरे लावून मत्स्यबीज वाढवायचं. २०१२ मध्ये 'शाश्वत'च्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

यातून धडा काय? पिंजरा हे नवं तंत्र खरंच. पण ते टिकायला ज्यांची जमीन गेली तेच लोक संस्थेचे मालक असावे लागतात. बाहेरच्याने पिंजरा लावला तर रात्री राखण कोण करणार?

कोणाशी, कोणत्या क्रमाने बोलायचं?

१. आज तिथे मासे धरणारे: कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबं, जुनी मच्छीमार संस्था. तळं कोणत्या महिन्यात आटतं हे त्यांना पाठ असतं. पाणी मार्चपर्यंतच टिकत असेल, तर जिरे सोडून भागत नाही. मोठी बोटुकली सोडावी लागते, तरच आटायच्या आत मासा विकण्याजोगा होतो. तुमचं बिझनेस मॉडेल इथेच बदलतं!

२. महिला: पाणी भरणाऱ्या आणि बाजारात मासे विकणाऱ्या, दोघी. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या, कामं उरकल्यावरच्या वेळेला.

३. ग्रामसभा: ठरलेलं ठरावात लिहून घ्या. पाणी किती खाली गेलं की मासे काढायचे, पिण्यासाठी किती राखायचं, गावाला वाटा किती.

४. पाण्याचा मालक विभाग आणि जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालय: ठेका, परवानगी, योजना. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या निकषांत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. आज काय चालू आहे ते कार्यालयातच विचारा.

५. खरेदीदार: शहापूर, मुरबाड, कल्याणचे मासळीवाले. रोहू, कटला किती वजनाचा उचलतात, जिवंत मासा हवा का, उधारी किती दिवसांची?

पाचही ठिकाणी एकच नियम: आधी ऐका, मग सांगा. दुसऱ्या बैठकीला जाताना पहिल्या बैठकीतल्या सूचनेचं काय केलं ते सांगा. "नाही जमलं, कारण असं" हेही चालतं. गप्प राहिलात की विश्वास जातो.

आजचा होमवर्क

एक कोरा कागद घ्या. मधे तुमचं तळं काढा. भोवती त्या पाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि दोन गोष्टी टिपा: याला काय मिळेल? याचं काय जाईल? "काय जाईल" हा रकाना जिथे भरलेला आहे, त्या घरी सगळ्यात आधी जा. रजिस्ट्रेशनचा फॉर्म तोवर थांबतो!