जिवाणू सापडला, पण मूळव्याधीचं काय?

तरुणांमधल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा गुन्हेगार सापडला, असे मथळे एप्रिल 2025 पासून फिरताहेत. ई. कोलाय जिवाणूचे काही वाण कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि पेशींच्या डीएनएवर त्याचे ठरावीक ओरखडे उमटतात. सॅन दिएगोच्या लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटाने 11 देशांतल्या 981 गाठींचे जनुकसंच वाचले. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हे ओरखडे सत्तरीपुढच्यांपेक्षा 3.3 पट अधिक निघाले, आणि गटाच्या अंदाजाने ते पडतात वयाच्या पहिल्या दहा वर्षांत. शोध मोलाचा आहे. पण त्या 11 देशांत भारत नाही, आणि ओरखडे दिसले म्हणून कारण सिद्ध होत नाही. हे वाण कित्येक निरोगी पोटांतही नांदतात. ही बातमी वाचून प्रोबायोटिकच्या पुड्या घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. जर्मनीत अनेक दशकं औषध म्हणून दिला जाणारा ‘निसल 1917’ हाही ई. कोलायच, आणि कोलिबॅक्टिनची जनुकं त्याच्याकडेही आहेत!

सातारा-सांगलीला या जिवाणूपेक्षा निदानाच्या उशिराची चिंता अधिक वाटायला हवी. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 2017 मध्ये या कर्करोगाच्या 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वय 47 च्या आसपास होतं. देशच तरुण, मग रुग्णही तरुण दिसणारच, असं यावर कुणी म्हणेल. भाकरी-पालेभाजीच्या मुलखात हा आजार मुळात कमी, असंही म्हणेल. भारतातलं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, हे खरंच. पण नेमक्या त्याच समजुतीमुळे तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत कर्करोगाची शंका कुणाला येत नाही. शौचातून रक्त गेलं की कराडपासून जतपर्यंत पहिला शब्द निघतो तो मूळव्याध, आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. धोका आहे तो न तपासता दिलेल्या मलमात. टाटाच्या आढाव्यात सर्वाधिक गाठी गुदाशयात होत्या, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांच्या बोटाला लागू शकते. अमेरिकेने सरसकट तपासणीचं वय 2021 मध्ये 50 वरून 45 वर आणलं. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करा, अशी मागणी इथे परवडणारी नाही आणि ती करायचं कारणही नाही. मात्र रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं असेल, तर वय तिशीचं असलं तरी लाज बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोटाने तपासायला सांगा. त्यांनी सुचवलीच, तर दुर्बिणीची तपासणी मिरजेत आणि कराडातही होते.