'अ‍ॅडजस्ट कर गं'चा नवा फंडा

'अ‍ॅडजस्ट कर गं!' लहानपणापासून किती वेळा ऐकलंय ना आपण हे? मैत्रिणीच्या लग्नाला फैजपूरला गेले आणि तिच्या मामेबहिणीने या वाक्याचा भलताच अर्थ दाखवला.

फैजपूर म्हणजे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते गाव. (इतिहासाचं पुस्तक आठवा!) पण गावाबाहेर पडलात की फक्त केळी. आणि केळीला 'उद्या बघू' चालत नाही. घड कापला की घड्याळ सुरू.

मामेबहीण बी.कॉम. आधी ब्यूटी पार्लर होतं, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शटर खाली. आरसे, खुर्च्या विकून तिने थेट कढई आणली. केळीचे वेफर्स! मुद्रा योजनेत 'शिशु' गटाला ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण एका बँकेत पहिला प्रश्न, "मिस्टर कुठेत?" शेवटी लग्नातल्या पाटल्या गहाण पडल्या.

श्रावणात उपवासवाल्यांसाठी शेंगदाणा तेलातले साधे वेफर्स, एरवी कॉलेजच्या पोरांसाठी मसाला. कच्च्या केळीचा भाव चढला की पाकीट लहान. वादळात बाग आडवी झाली, तर व्यापारी नाकारतात तो तयार माल ही उचलते. आणि हिवाळ्यात? तेव्हा खान्देशात भरीत पार्ट्यांचा सीझन, वेफर्सला कोण विचारतो! मग कळण्याच्या पुऱ्यांच्या ऑर्डरी.

"भीती नाही वाटत?"

"पार्लर बंद पडलं तेव्हाच गेली, ताई. एक जमलं नाही तर दुसरं करता येतं, हे कळलं ना!"

साताऱ्याच्या म्हसवडमध्येही असंच घडलं होतं. चेतना सिन्हांच्या महिला बँकेला रिझर्व्ह बँकेने आधी नकार दिला, कारण बायका निरक्षर. बायका लिहा-वाचायला शिकल्या, तोंडी व्याज काढून दाखवायची तयारी ठेवून परत गेल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

बाकी सगळं काही गुलाबी नाही हं. नवरा पाकिटं सील करतो, पण पहाटेच्या भाकरी हिच्याच. तिथे कोण अ‍ॅडजस्ट करणार, विचारलं तर नुसती हसली.

निघताना तिच्या हातात एकच पाटली दिसली.

"दुसरी?"

"श्रावण जाऊ द्या, ताई."