कॉम्प्युटर फॉरमॅट मारला तरी फोटो वाचतात, ते कसे?

कॉम्प्युटर बिघडला की दुकानदाराचं ठरलेलं वाक्य येतं, “फॉरमॅट मारावा लागेल.” मग लग्नाच्या फोटोंचं काय? ते हार्ड डिस्कचे भाग पाडलेत की नाही, यावर ठरतं.

या भागांनाच पार्टिशन म्हणतात. डिस्क एकच, पण विंडोज ती सी, डी, ई अशा वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये दाखवतं. सुरुवात सी पासून का? कारण ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती.

सी मध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअर, डी मध्ये फोटो आणि कागदपत्रं, ही सोपी वाटणी. विंडोज 11 ला किमान 64 जीबी जागा लागते, पण अपडेट्स धरून सी ला 150 जीबी तरी द्यावेत.

सॉफ्टवेअरसाठी तिसरा ड्राइव्ह केला तरी फार फायदा नाही. त्यांच्या नोंदी सी मध्ये असतात. नवं विंडोज टाकलं की बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात.

खरी गोम इथे आहे. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सी मध्येच असतात. डी रिकामा आणि फोटो डेस्कटॉपवर, असं असेल तर फॉरमॅटमध्ये सगळं गेलंच समजा. म्हणून आधी फाइल्स डी मध्ये हलवा आणि दुकानात “फक्त सी फॉरमॅट करा” असं स्पष्ट सांगा.

आणि हो, डिस्कच बंद पडली तर सी सोबत डी सुद्धा जातो. पार्टिशन म्हणजे बॅकअप नाही. महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच.