दहा लाखांची मूठ

दोस्तांनो, एक घट्ट मूठ वळा बघू! तशीच राहू द्या, पुढे लागणार आहे.

१८ जून १९९५. दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन. रग्बी विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. रग्बीत लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचं आणि प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवायचा. हा झाला ‘ट्राय’. त्याचे ५ गुण. अडवणारे मात्र कबड्डीतल्यासारखी थेट कंबरेला मिठी घालतात!

त्या दिवशी चेंडू आला न्यूझीलंडच्या जोना लोमूकडे. वय २० वर्षं, उंची जवळजवळ साडेसहा फूट, वजन सुमारे ११८ किलो. दोघांना मागे टाकून तो सुसाट निघाला. समोर आला इंग्लंडचा माइक कॅट. लोमू त्याला तुडवूनच पुढे गेला! त्या सामन्यात त्याने तब्बल ४ ट्राय केले.

तो कुणाला आवरेना, असं का? गणित करू या. वजनाला वेगाने गुणलं की मिळतो संवेग. तुम्ही ३० किलोचे आहात आणि सेकंदाला ४ मीटर पळताय, तर संवेग १२०. ११८ किलोचा लोमू सेकंदाला ९ मीटर पळाला, तर १०६२! म्हणजे तुमच्यासारखी जवळजवळ ९ मुलं एकदम अंगावर धावून आल्यासारखंच.

आता मुठीकडे बघा. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, साधारण एवढीच दोन मूत्रपिंडं असतात. एकेकात सुमारे दहा लाख इवल्याशा गाळण्या! चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो ना, तशी प्रथिनं रक्तातच राहतात. पाणी, क्षार आणि टाकाऊ पदार्थ खाली उतरतात. मग बहुतेक सगळं पाणी शरीर परत शोषून घेतं. असं दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं, म्हणजे १५ लिटरच्या १२ बादल्या! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ दहा लाखांची.

१९९५च्याच अखेरीस कळलं, की लोमूच्या या गाळण्या बिघडल्यात. प्रथिनं लघवीवाटे निसटत होती. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतात ती प्रथिनंच. ती कमी झाली की पाणी बाहेर झिरपतं, अंग सुजतं, माणूस थकतो. तरीही १९९९च्या विश्वचषकात लोमूने ८ ट्राय केले. पुरुषांच्या विश्वचषकात त्याचे एकूण १५ ट्राय झाले. त्याहून जास्त आजवर कुणाचेच नाहीत.

२००३ मध्ये मात्र यंत्राने रक्त शुद्ध करून घेण्याची, डायलिसिसची, वेळ आली. २००४ मध्ये एका मित्राने आपलं एक मूत्रपिंड त्याला दिलं. निरोगी असेल, तर एकावरही माणूस जगू शकतो. पुढच्याच वर्षी लोमू वेल्समधल्या कार्डिफच्या संघाकडून खेळायला उतरला! २०१५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो हे जग सोडून गेला.

आता उघडा मूठ. एवढंसंच काहीतरी मित्राने दिलं होतं, आणि लोमू पुन्हा पळाला होता.