आधी केबल बघ

नेटवर्किंगच्या कामाला आलेल्या पोराच्या हातात सगळ्यात आधी पडतो तो क्रिम्पर. केबलचं वरचं आवरण इंचभर सोलायचं, आतल्या पिळलेल्या चार जोड्या सोडवायच्या आणि आठ तारा ओळीने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. चिमटीत घट्ट धरून टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये सरकवायची आणि तोंडाशी आठही टोकांचं तांबं दिसल्यावरच क्रिम्पर दाबायचा. चुकलं तर कनेक्टर कापून फेकायचा, दुसरा घ्यायचा.

निळी जोडी हिरवीच्या मधोमध का घुसवायची, हे नवख्याला पटत नाही. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की झालं, असं म्हणून तो रंगांच्या जोड्या सरळ एकापुढे एक लावून मोकळा होतो. टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागतात. छोट्या तुकड्यावर नेटही चालतं. तीच केबल पन्नास-साठ मीटर ओढली की मात्र रखडायला लागतं, मधेच तुटतं. कारण तीन आणि सहा नंबरची पिन एकाच सिग्नलची. त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या, तरच बाहेरून येणारा विजेचा गोंगाट जागच्या जागी रद्द होतो. त्याने लावलेल्या ओळीत तीनवर हिरव्या जोडीतली तार आली आणि सहावर निळ्या जोडीतली. साधा टेस्टर तार पोचली एवढंच सांगतो, जोडी जुळली की नाही हे त्याला कळत नाही.

असाच दुसरा फसवा प्रकार. १ गिगाबिटच्या लाइनला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली, तर बऱ्याचदा लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. कॉल येतो तो ‘नेट स्लो आहे’ एवढाच, आणि शिव्या बसतात नेट कंपनीला.

तालुक्याच्या एका पतसंस्थेतून दिवाळीच्या साफसफाईनंतर फोन आला होता. “सर, सर्व्हर डाउन आहे, काउंटरला लाइन लागलीय.” लोकांच्या भाषेत काहीही बिघडलं तरी ते सर्व्हर डाउनच असतं. पोचल्यावर एका कॉम्प्युटरचा आयपी पाहिला. १६९.२५४ने सुरू होणारा. म्हणजे राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून मशीनने स्वतःच एक लावून घेतला. शेजारच्या कॉम्प्युटरवरही तेच. एकाचं नाही, सगळ्यांचं गेलंय म्हटल्यावर टेबलाखालच्या स्विचशी वाकलो. एरवी प्रत्येक पोर्टचा दिवा आपापल्या चालीने लुकलुकतो. इथे सगळे एकदम, एकाच वेगाने फडफडत होते. झाडताना कोणीतरी लोंबतं टोक पाहून रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं होतं, आणि त्याच केबलचं दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं. सगळ्यांसाठी सोडलेला एकच संदेश त्या फेऱ्यात अडकतो, प्रत्येक फेरीला पुन्हा सगळीकडे जातो आणि बाकीच्यांची वाट बंद करतो. टोक उपसलं, कॉम्प्युटरांनी नवे आयपी घेतले, काउंटर सुरू झालं. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला. चांगले स्विच तो वापरून जादाचा रस्ता आपणहून बंद करतात. पण पतसंस्थेतला स्वस्तातला स्विच त्यातला नव्हता.

या लायनीत यायला वाटा बऱ्याच आहेत. आयटीआयमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क मेन्टेनन्सचा एका वर्षाचा ट्रेड आहे. कोणी लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानात राहून एसएमपीएस तपासायला, रॅमचे पाय खोडरबराने साफ करायला शिकतो. पुढे सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट केलं की मोठ्या कंपन्यांची दारं उघडतात. मात्र ते तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं. तिथून कोणी फायरवॉलकडे वळतो, कोणी क्लाउडकडे, कोणी ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला लागतो. सुरुवातीचा पगार बेताचा, पेट्रोलचा हिशोब वेगळा, आणि बँकांची कामं रविवारीच, कारण एरवी काउंटर बंद ठेवता येत नाही.

हार्डवेअर म्हणजे खालचं काम, ते टाळून थेट क्लाउड शिकावं, असा सल्ला हल्ली मुलांना मिळतो. मला तो पटत नाही. स्क्रीनवर लाइन लाल झालेली दिसते. ती उंदराने कुरतडली, दारात चेंगरली की पंख्याच्या वायरीला चिकटून नेली, हे तिथे गेलेल्यालाच ठाऊक असतं. ज्याने हे हाताने पाहिलंय, त्याचे क्लाउडमधले अंदाजही कमी चुकतात.

माणूस घेताना मी एकच प्रश्न विचारतो: नेट चालत नाही, काय करशील? काही जण राउटर बंद-चालू करू म्हणतात, काही विंडोज नव्याने टाकायला निघतात. जो मलाच उलट विचारतो, “एकाचं गेलंय की सगळ्यांचं?” त्याचं सर्टिफिकेट मी नंतर बघतो.